टोपलीची ओटी

मला व्हॉट्सॲपच्या गटांचा मनापासून तिटकारा आहे. शाळेचा गट, कॉलनीचा गट, नणंदेच्या सासरच्यांचा गट. सकाळी डोळे उघडायच्या आत ढीगभर फुलं आणि सुविचार येऊन पडलेले असतात. सुविचार पाठवणारी माणसं घरात कशी वागतात ते मला ठाऊक असतं, त्यामुळे माझा आणखीच जळफळाट होतो. पण माझी आई ज्या एका गटात आहे, त्या गटाला मी हात जोडते. तिथे गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला एकदा समज देतात आणि दुसऱ्यांदा थेट बाहेर काढतात. तिथे देव चालत नाहीत, पुढारी चालत नाहीत, वाढदिवसाचा केक चालत नाही. तिथे फक्त कोंबडी चालते.

गटाचं नाव 'खुडूक'. खुडूक म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. गावरान कोंबडी काही दिवस अंडी देते आणि मग एके सकाळी तिच्या डोक्यात काहीतरी फिरतं. अंडी देणं बंद. कोपऱ्यात अंग फुलवून बसते, दाणापाणी विसरते, उठवायला गेलं की गुरगुरते आणि चोच मारते. खाली अंडी असोत नसोत, तिला बसायचंच असतं. ती झाली खुडूक. तिच्याखाली अंडी ठेवली की तीन आठवड्यांत पिलं. मी एखाद्या गोष्टीवर अडून बसले की आई अजूनही म्हणते, "झाली बघा आमची खुडूक."

वडील गेल्यावर आईला मी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून संगमनेरला माझ्या घरी आणलं. आणलं म्हणजे ओढून आणलं. तिची अट एकच होती, कोंबड्या सोबत येतील. माझं घर कॉलनीतलं, मागे चार कपडे वाळत घालण्यापुरती जागा. तिथे खुराडं उभं राहिलं. कोंबडा पहाटे आरवायला लागला तेव्हा शेजारच्यांनी नाकं मुरडली, मग आईने घरोघर अंडी वाटली, आणि नाकं आपोआप सरळ झाली.

पण कॉलनीत तिचा जीव रमेना. बोलणार कुणाशी? दुपारी सगळ्यांची दारं बंद, टीव्ही चालू. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, संध्याकाळी परत येईपर्यंत ती कोंबड्यांशीच बोलत बसलेली असायची. तेवढ्यात कुठल्याशा कुक्कुटपालनाच्या शिबिराला ती गेली, तिथे कुणीतरी तिचा नंबर घेतला आणि ती त्या गटात पडली. तिला लिहिता येत नाही. ती बोलून पाठवते. फोन तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरते आणि पलीकडच्या डोंगरावर हाक मारावी तशी ओरडते.

गटातली माणसं सगळ्या जिल्ह्यात विखुरलेली. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, नावंही धड ठाऊक नाहीत. एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारतात. "ओ पुणतांबा, तुमच्या कोंबडीचा डोळा बरा झाला का?" "खर्डा, लसूण वाटून पाज गं." आईला सगळे 'संगमनेर' म्हणायचे आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही. "मी काय संगमनेर न्हाई," ती फणकारायची, "मी हितं वस्तीला आलीय." मी हसायचे. ज्यांनी एकमेकांचं दार पाहिलेलं नाही, चहा प्यायलेला नाही, ती माणसं एकमेकांची कोण लागणार, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मतं ठाम असणं हा आमच्या घराण्याचा दोष आहे.

आता आईच्या कोंबड्यांविषयी. त्यांच्या पायांवर पिसं होती. गुडघ्यापासून बोटांपर्यंत, पायमोजे घातल्यासारखी. चिखलात त्या फार केविलवाण्या दिसायच्या, पण ऐटीत चालायच्या. माझ्या जन्मानंतर आई सासरी परत निघाली तेव्हा आजीने एका डालीत पायमोजेवाली कोंबडी आणि कोंबडा घालून दिला होता. म्हणजे मी आणि ती कोंबडी एकाच बैलगाडीतून आईच्या सासरी आलो. तेव्हापासून ते वाण आईने कधी तुटू दिलं नाही. दुष्काळात गाय विकली, पण कोंबड्यांची अंडी राखली. माहेरचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. माहेरचं घर भावांनी पाडून नवं बांधलं, आजी कधीच गेली, राहिल्या त्या पायमोजेवाल्या.

आणि एका दुपारी मोकाट कुत्र्यांनी खुराड्याची गंजलेली जाळी फाडली. आई डोळे तपासायला दवाखान्यात गेली होती. परत आली तेव्हा मागच्या अंगणात नुसती पिसं उडत होती. कोंबडाही गेला. एकही राहिली नाही.

मी ऑफिसातून आले तर आई पायरीवर बसलेली. रडत नव्हती. रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते. शेजारच्या वहिनी समजूत घालत होत्या, "जाऊ द्या आजी, बाजारात पुष्कळ मिळतात, दुसऱ्या आणा." त्या चांगल्या बाई आहेत, पण मला त्यांना हाताला धरून त्यांच्या घरात नेऊन सोडावंसं वाटलं.

स्वयंपाकघरात कोंड्याच्या टोपलीत त्या आठवड्यात जमलेली अकरा अंडी होती. तेवढंच वाण शिल्लक. अंडी काही थांबून राहत नाहीत, आणखी तीन-चार दिवस गेले की त्यांतला जीव विझतो. आणि आमच्याकडे तर आता खुडूकच काय, साधी कोंबडी नव्हती.

आईने फोन उचलला आणि आडवा धरला. "आगं, कोनाकडं खुडूक बसलीय का?" एवढंच ओरडली. पुढे तिला बोलवेना. मग मीच काय घडलं ते लिहिलं.

पाच मिनिटांत तिथे जे सुरू झालं, त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. कुणी म्हणालं नाही की बाजारातून आणा. पुणतांब्याच्या दादांनी लिहिलं, माझी बसलीय, पण पिलं निघायला आली, आता तिच्याखाली नवीन ठेवता येत नाहीत. राहुरीचे गुरुजी, निवृत्त मास्तर, म्हणाले, माझ्या सगळ्या अंड्यावर आहेत, एकही खुडूक नाही. कुणाकडे अंडी उबवायचं मशीन होतं, तर आईने मानच हलवली, "मशीनच्या पिलाला आई न्हाई. ती पिलं कुनामागं फिरतील?" मग खर्ड्याचा आवाज आला. खर्ड्याची म्हणजे पार जामखेडच्या पलीकडची, जिल्ह्याचं दुसरं टोक. आवाज पंचविशी-तिशीतला असावा. "मावशे, माजी तांबडी कालच बसलीय. लई कडक बसलीय, हात लावू देत न्हाई. पाठव अंडी."

"पाठव म्हणजे काय, पोस्टाने?" मी पुटपुटले. सेमिस्टरच्या परीक्षा सुरू होत्या, मला रजा मिळणं शक्य नव्हतं. रविवारी फार तर राहुरीपर्यंत जाऊन येता आलं असतं. तसं मी लिहिलं आणि गटाने पुढचा रस्ता आपसात वाटून घेतला. राहुरीचे गुरुजी सोमवारी मुलीकडे नगरला निघालेच होते. नगरला एक शिलाईवाल्या ताई होत्या, गच्चीवर कोंबड्या पाळणाऱ्या. त्यांच्या भावाची जामखेडला जीप जायची. जामखेडहून खर्ड्याची नवऱ्याला मोटारसायकलवर पाठवणार होती. सांगतासांगता सगळं ठरलं. आमच्या घरात लग्नाची बस ठरवायला याहून जास्त भांडणं होतात.

आईने टोपली बांधायला घेतली. खाली कोंडा, मध्ये अंडी, वर कोंडा. मग वरून बांधायला मऊ फडकं हवं होतं. तिने ट्रंक उघडली आणि एक हिरवा खण काढला, जरीच्या काठाचा, घडीही न मोडलेला.

"अगं, एवढा चांगला खण?"

"पडूनच हाय," ती म्हणाली आणि गाठ मारली.

रविवारी मी बसमध्ये ती टोपली मांडीवर घेऊन राहुरीला गेले. लोणीच्या पुढे रस्ता इतका खराब होता की मी प्रत्येक खड्ड्याला जागेवरून अर्धवट उठत होते. शेजारची बाई म्हणाली, "ताई, बाळ झोपलंय का?" मी म्हटलं, "हो, अकरा आहेत." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

स्टँडवर गुरुजी आणि त्यांची बायको घ्यायला आले होते. गुरुजी आवाजावरून भारदस्त वाटायचे. प्रत्यक्षात माझ्या खांद्याइतके होते आणि त्यांच्या खिशातून मक्याचे दाणे सांडत होते. काकूंनी माझ्या हातातून टोपली घेतली ती दोन्ही हातांनी, पदर सावरून. "निवांत जा," त्या म्हणाल्या. "आता ती आमची." मी लगेच परत फिरले, पण बसमध्ये मला हलकं वाटत होतं. माझ्या आईची काळजी आता मी एकटी करत नव्हते.

दोन दिवस फोन वाजत राहिला. 'राहुरीहून निघाली.' 'नगरला पोचली, एकही तडकलेलं नाही.' 'जीपमध्ये बसली, पुढच्या सीटवर ठेवलीय.' अंडी कुणी म्हणेना, सगळे म्हणायचे 'ती'. लेक सासरी पोचवावी तसं चाललं होतं. आई जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची.

मंगळवारी संध्याकाळी खर्ड्याहून व्हिडिओ कॉल आला. मागे पत्र्याचं घर, अंगणात शेळी, आणि समोर ती, गोल चेहऱ्याची, कपाळावर ठसठशीत कुंकू. आईने तिला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "आगं, तू तर लेकरूच हायेस." खर्ड्याची लाजली, मग टोपली पुढ्यात घेऊन बसली, हिरवा खण सोडला आणि कोंडा बाजूला करत अंडी एकेक काढून पाटीत ठेवायला लागली. ठेवता ठेवता तिचा हात थांबला.

"मावशे, माज्या एका कोंबडीखाली एवढी कशी मावत्याल गं?"

"अकरा मावत न्हाईत व्हय?"

"अकरा? ही एकवीस हायेत. आन् खाली सुपारी हाय. आन् खोबऱ्याची वाटी."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. टोपली वाटेत व्याली की काय? मी तडक माझ्या फोनवरून गुरुजींना आणि नगरच्या ताईंना एकत्र फोन लावला आणि विचारलं, कुणी काय केलं ते सांगा.

 आधी नगरच्या ताईंनी कबुली दिली. "माझ्याकडे आली तेव्हा टोपलीला खण बांधलेला होता. खण बांधलेली टोपली दारातून कोरी कशी जाऊ द्यायची? माझ्या कोंबड्यांची पाच अंडी घातली, सोबत सुपारी." मग गुरुजी बोलले, मास्तरकीच्या स्वरात. "आमच्या हिनेही पाच घातली. आणि खोबऱ्याची वाटी. लेकीची ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं. मला ते पटलं."

म्हणजे काय झालं होतं ते बघा. वाण वाचवायला अंडी पाठवली, तर वाटेत दोघींनी, एकमेकींना न विचारता, तीच रीत पाळली आणि त्यांत आपापल्या कोंबड्यांची अंडी मिसळून टाकली. एका कोंबडीखाली तेरा-चौदाच्या वर बसत नाहीत. आता एकवीसमधली आईची अकरा कोणती, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सगळी सारखीच, फिक्कट तपकिरी. आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, लांब नेऊन पाहिला. खर्ड्याची एकेक अंडं वर धरून दाखवत होती. "हे तुजं का? हे?" आई म्हणत होती, "व्हय... न्हाई गं... कळंना."

माझा पारा चढला. मी माझा फोन तोंडाशी घेतला आणि गुरुजींना सुनावलं, "गुरुजी, जन्मभर पोरांच्या पेपरांवर लाल खुणा केल्यात. अंड्यांवर एक पेन्सिलीची खूण करता आली नाही?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "ताई, ओटीवर कुणी आपलं नाव घालतं का?"

मी आणखी काहीतरी झणझणीत बोलणार होते, तेवढ्यात मागून आवाज आला. आई हसत होती. पदर तोंडाला लावून, अंग गदगदा हलवत हसत होती. कुत्र्यांच्या त्या दुपारनंतर ती पहिल्यांदा हसली. हसताहसता डोळ्यांत पाणी आलं. "तुजा बाप गेल्यापास्नं," ती मला म्हणाली, "माजी वटी कुनी भरली न्हाई. हळदीकुंकवाला बाया मला वगळून फुडं जात्यात. आन् ह्या बायांनी माज्या टोपलीची भरली. दोनदा भरली." दोन्ही फोन अजून चालूच होते. खर्ड्याचीने ते ऐकलं, गुरुजींनी ऐकलं, काकूंनीही ऐकलं असावं.  मला तर माझा राग कुठे ठेवावा तेच कळेना, मग मी चहा टाकायला आत गेले.

प्रश्न मात्र उरलाच होता. निवडायची कोणती? काही अंडी बाजूला काढली आणि त्यातच आईची असली तर? खर्ड्याची म्हणाली, "निवडायचं कशाला? सगळीच बसवू." तिची थोरली जाऊ ऊसतोडीला गेली होती आणि जाताना आपल्या कोंबड्या हिच्याकडे राखायला ठेवून गेली होती. त्यातली एक काळी दोन दिवसांपासून कोपरा धरून होती. पण दुसऱ्याची कोंबडी न विचारता बसवायची कशी? तिने नवऱ्याच्या फोनवरून, स्पीकरवर, जावेला फोन लावला. फोनमध्ये मागे ट्रॅक्टर धडधडत होता, कोयत्यांचे आवाज येत होते. जाऊ ओरडून म्हणाली, "बसीव की! काळी लई गुनाची हाय." आणि मग कळलं की ती तोडीला आमच्याच बाजूला आली आहे, संगमनेरजवळ, नदीच्या पलीकडच्या उसाच्या फडात.

एरवी कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे सहसा न जाणारी माझी आई दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी म्हणाली, "गाडी काढ." ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत बांधून आम्ही स्कूटरवर त्या फडाच्या कडेला गेलो. कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, रांगेत चुली पेटल्या होत्या. जाऊ हातातलं काम टाकून पळत आली. आईने तिच्या हातात भाकरी ठेवल्या आणि दोघी उसाच्या पाचटावर बसून कोंबड्यांविषयी इतकं बोलल्या की मला डास चावून चावून जीव नकोसा झाला. "आमी गावाकडच्या मंडळात कशातच नसतो बघा," जाऊ म्हणाली. "सनावाराला आमी फडात. ग्रुपात घ्याल का मला?" आईने तिथल्या तिथे माझ्याकडून तिचा नंबर गटात घालून घेतला. गटावर लगेच स्वागत झालं. 'कोणतं गाव म्हणायचं यांना?' पुणतांब्याच्या दादांनी विचारलं. जावेने उत्तर दिलं, "आमाला ऊस म्हना. ऊस आसंल तितं आमी."

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात खर्ड्याचंच राज्य होतं. रोज संध्याकाळी तिथून निरोप यायचा. तांबडी दाणे खाऊन आली. काळीने जावेच्या शेळीला पळवून लावलं. एकदा खर्ड्याचीने अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरून व्हिडिओ काढला. आत तांबड्या शिरांचं जाळं होतं आणि मध्ये एक ठिपका हलत होता. आईने तो व्हिडिओ शेजारच्या वहिनींना दाखवला, दूधवाल्याला दाखवला, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला दाखवला. तीन अंडी रिकामी निघाली, ती काढून टाकली. ती कुणाची होती, हा विचार माझ्या मनात आला आणि आईच्याही आला असणार, पण आम्ही तो बोलून दाखवला नाही.

पिलं निघायच्या वेळी मात्र आईने हट्ट धरला. मी जाणारच. परीक्षा संपल्या होत्या. मी म्हटलं चला, आणि गटावर सांगितलं, तर गुरुजी आणि काकू राहुरीला बसमध्ये चढले, नगरला ताई भावाची जीप घेऊन उभ्या होत्या. आवाज ऐकून ऐकून सगळे ओळखीचे, चेहरे मात्र बहुतेक नवे. नगरच्या ताई मला फोनवरून फार जाड्या वाटायच्या, त्या काडीसारख्या निघाल्या. मी तसं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आणि तुम्ही मला फार तापट वाटायचात." काकू म्हणाल्या, "तेवढं बरोबरच आहे." जामखेडपर्यंत आमची जीप हसत गेली. किल्ला डाव्या हाताला ठेवून वळा, असं खर्ड्याचीने सांगितलं होतं. तिथे वळलो तर ती रस्त्यावरच उभी होती. ती आईच्या पाया पडायच्या आधीच आईने तिला कवटाळलं.

घरात तांबडी आणि काळी शेजारी शेजारी दोन पाट्यांत बसल्या होत्या. आतून चिवचिव ऐकू येत होती. काही पिलं सकाळीच बाहेर आली होती आणि वाळून गोळा झाली होती. आई खाली बसली, तांबडीची चोच खात खात तिच्या पंखाखाली हात घातला आणि एक पिलू काढलं. उताणं केलं, पाय पाहिले. गुळगुळीत, पिवळे पाय. तिने ते परत ठेवलं. दुसरं काढलं. तेही गुळगुळीत. तिसरं, चौथं.  काकूंचा हात खणाएवढ्या रुमालाला पीळ घालत होता. मला माहीत होतं, त्यांना वाटत होतं की त्यांच्याच अंड्यांची पिलं निघतायत, आणि त्या पिलांचा त्यांना चक्क राग येत होता.

तांबडीखाली पायमोजेवालं एकही निघालं नाही. आई काळीकडे सरकली. काळीने कडकडून चावा घेतला. आईने हात मागे घेतला नाही. तिने एक ओलसर, नुकतंच अंड्यातून सुटलेलं पिलू काढलं आणि त्याचे पाय अंगठ्याने पुसले. ओली लव पायाला चिकटली होती. तिने फुंकर घातली. लव हळूहळू उभी राहिली, पार बोटांपर्यंत.

"मोजं!" आई ओरडली. फोनवर ओरडते त्याहून मोठ्याने. "आगं, मोजं घातल्यात!"

मग काळीखालून एकामागून एक निघाली. एकूण पाच. मी रडले. उगाच खोटं का सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. गुरुजींनी चष्मा पुसला, नगरच्या ताईंनी तिथल्या तिथे जावेला, म्हणजे 'ऊस'ला, व्हिडिओ लावला. फडातून कोयते खाली टाकून सगळी टोळी फोनभोवती गोळा झाली होती. "काळीनं काडली का? सांगितलं हुतं न्हाई, काळी गुनाची हाय!"

जेवणं झाली. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. मग आमच्याकडची रीत अशी की ज्याची कोंबडी त्याला अर्धी पिलं. खर्ड्याची मान हलवत होती, "मला कायबी नको. तुजं वान हाय मावशे. पाचीच्या पाच मोठी झाली की घिऊन जा." मीही तेच म्हणत होते. पाचच आहेत, पाचांपैकी दोन तरी जगतील की नाही कुणास ठाऊक, अशा वेळी वाटणी कसली?

आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आईखाली मोटी होऊ दे. मंग एक खर्ड्याला ऱ्हाईल. एक काळीच्या मालकिनीला, ऊस संपून ती घरी आली की. एक राहुरीला. एक नगरला. आन् एक मी नेते, बाकीच्या पिवळ्या पायाच्या पिलांसंगं. ती बी माजीच हायेत."

"अगं आई, इतक्या वर्षांचं वाण असं गावोगाव वाटून टाकतेस?" मला राहवलं नाही.

"एकाच घरात हुतं म्हनून तर एका दुपारी गेलं," ती म्हणाली. "आता जाईल कसं?"

 गुरुजी म्हणाले, कोंबडा एका गावी आणि तलंग दुसऱ्या गावी निघाली तर पुढे काय? तलंग म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर यायच्या आधीची कोवळी कोंबडी. आई म्हणाली, "मंग न्ह्यायची आनायची. टोपली हायच की."

आता या गोष्टीला बरेच दिवस झाले. परवा शेजारच्या वहिनींकडे त्यांचे पाहुणे आले होते. आमच्या मागच्या अंगणात आई दाणे टाकत होती, एक पायमोजेवाला कोंबडा आणि बाकी पिवळ्या पायांच्या कोंबड्या तिच्याभोवती कालवा करत होत्या. पाहुण्या बाई कुंपणावरून कौतुकाने म्हणाल्या, "आजी, किती कोंबड्या आहेत हो तुमच्याकडे?"

आईने अंगणाकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेचा फोन काढला, तोंडासमोर आडवा धरला आणि त्यांना म्हणाली, "थांबा, इचारून सांगते."